शिळं पाणी

"गुरुजी, वाईच टेकू का?"

ज्ञानेश्वरीनं विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता कळशी ओट्यावर ठेवून ती पायरीवर बसली. सकाळचे साडेसहा झाले असतील. वैशाखातली सकाळ. ऊन अजून पत्र्यांवर चढलं नव्हतं, तरी तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी हातातलं पुस्तक मिटलं. बायामाणसांशी काय बोलावं हे मला सत्तरी उलटली तरी उमगलेलं नाही. म्हणून मी "बस, बस" एवढंच म्हणालो आणि तिला प्यायला पाणी आणायला आत गेलो. तांब्या भरताना माझ्या ध्यानात आलं, की भरलेली कळशी शेजारी ठेवून बसलेल्या बाईला मी पाणी द्यायला निघालोय.

तिनं ते घेतलं मात्र. घटाघटा प्याली.

"कितवी खेप?" मी विचारलं.

"पाचवी. अजून दोन हायेत."

"दवाखान्यात वजन उचलू नको म्हणालेत ना?"

"म्हणूनच कळशी दिलीय की आत्याबाईंनी. आदी हंडा हुता." ती हसली. हसताना तिनं एक हात कमरेवर दाबून धरला होता. "हंड्याच्या तीन खेपा व्हायच्या. आता कळशीच्या सात."

ती उठली, पदराची चुंबळ नीट केली, कळशी डोक्यावर घेतली आणि चढाला लागली. मी तिच्या पाठीकडं बघत राहिलो. पाचवा महिना होता तिला. दोन वर्षांपूर्वी चौथ्या महिन्यात तिचं एक मूल गेलं होतं. भर दुपारी तिला दौंडला नेताना अख्खी गल्ली टेम्पोमागं धावली होती. मी मात्र ओट्यावर उभा होतो, हातात पुस्तक तसंच.

आमचं गाव काष्टीपासून पाच-सहा मैलांवर, कॅनॉलच्या चारीच्या पार शेवटाला. घराघरात नळ आले आहेत, पण त्यांना पाणी आठव्या दिवशी येतं. ते सिमेंटच्या टाकीत भरायचं आणि धुण्याभांड्याला पुरवायचं. पिण्याचं, सैपाकाचं आणि देवाचं पाणी महादेवाच्या देवळामागच्या बोअरचं. तिची मोटार पंचायत सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तासभर चालवते, तेही लाईट असली तर. बोअरपासून गोजरबाईचं घर तीनशे पावलं. येताना चढ आहे. माझं घर बरोबर मध्यावर.

गोजरबाई म्हणजे ज्ञानेश्वरीची सासू. घरात माणसं तीन: ह्या दोघी आणि मुलगा भीमा. भीमा दुधाचा टेम्पो चालवतो. पहाटे चारला निघतो तो बाराला येतो, आणि तीनला परत संध्याकाळच्या दुधाला जातो. तीन माणसांना पिण्यासैपाकाला असं किती पाणी लागणार? चार कळश्यांचं दोन दिवस पुरावं. पण गोजरबाईच्या घरात कालचं पाणी आज चालत नाही. उजाडताच माठ, दोन हंडे आणि घागर, सगळं उचलून ती दारात ओतते. भांडी राखेनं घासते. मग सून नव्यानं भरून आणते. सासरी आल्या दिवसापासून ती हे करतेय, आणि तिच्या आधी तिच्या सासूनं केलं. एकट्या तिचंच कशाला सांगा, आमच्या गल्लीत दहातल्या सात घरी सकाळी हाच खळखळाट असतो. पाणी शिळं झालं, ओता.

हे सगळं मला चाळीस वर्षं दिसत होतं आणि मी काही बोललो नव्हतो. शाळेत मुलांना शिकवायचो, की झाकून ठेवलेलं पाणी एका रात्रीत खराब होत नाही. मुलं पाठ करायची, परीक्षेत लिहायची आणि घरी जाऊन आईला पाणी ओतायला मदत करायची. पण त्या सकाळी ज्ञानेश्वरीचा कमरेवरचा हात मी पाहिला, आणि वाटलं की आता बोलायला हवं.

बोलायचं ठरवलं खरं. दोन दिवस मी काय बोलायचं ते कागदावर लिहून काढत होतो.

गोजरबाई दारात ज्वारी पाखडत बसली होती. शेजारची लंकाबाई भिंतीला टेकून मशेरी लावत होती. लंकाबाईला पाहून मी परत फिरणार होतो, पण तेवढ्यात गोजरबाईनं पाहिलं.

"या की गुरजी. असं चोरावानी काय बघताय?"

"नाही, सहज आलो होतो."

"सहज?" लंकाबाई म्हणाली. "गुरजी सहज कुनाच्या दारात गेल्यालं मी तर पाह्यलं न्हाई बाई."

मी बसलो. कागद खिशात होता, पण काढायचा धीर झाला नाही. जे आठवलं ते उलटसुलट सांगून टाकलं. पाण्यात काही पडलं नाही, भांडं झाकलेलं असलं, घासलेलं असलं, तर दोन दिवस काय चार दिवसही पाण्याला काही होत नाही. रोज अख्खी गल्ली जेवढं पाणी ओतते तेवढं उपसायला बोअरची मोटार पाऊण तास चालते. म्हणजे पाणी तर गेलंच, पाऊण तासाची वीजही गटारात गेली. तेवढी वाचली तर पंचायत संध्याकाळी वरच्या वस्तीला पाणी देऊ शकेल.

गोजरबाईनं सुपातले खडे वेचत सगळं ऐकून घेतलं.

"हे कुटं लिवलंय?"

"पुस्तकात आहे."

"तुमच्यापाशी हाय ते पुस्तक?"

"आहे ना."

"किती वर्साचं आसंल?"

मी विचार केला. "असेल चाळीसएक वर्षांचं."

"मंग ते शिळं न्हाई झालं का?"

लंकाबाईला इतकं हसू आलं की तिला मशेरी थुंकायला उठावं लागलं. मीही हसलो. दुसरं काय करणार?

"बरं, ओतायचंच तर दारात कशाला?" मी म्हणालो. "टाकीत ओता. धुण्याला होईल."

"शिळ्यात शिळं कालवू न्हाई."

"मग झाडाला घाला."

"गुरजी," तिनं सूप खाली ठेवलं. "तुमी कालची भाकरी खाता?"

"खातो की. एकटा माणूस. सकाळची संध्याकाळी खातो, संध्याकाळची सकाळी."

"म्हनूनच आसे दिसता."

आता तीही हसली. तिच्या हसण्यात वाकडेपणा नव्हता. तिनं आत हाक मारली, "ज्ञानू, गुरजींना च्या टाक." मी नको नको म्हणत उठलो. आणखी एक कप, आणखी एक भांडं, आणखी पाणी, हेच माझ्या डोक्यात होतं. दारात ज्ञानेश्वरी उभी होती. तिनं सगळं ऐकलं असावं. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत आशा होती असं मला वाटलं. कदाचित नसेलही. पण माझ्या हातून पुढं जे झालं ते त्या नजरेपायी झालं, एवढं खरं.

गोजरबाईचे सोमवार चालू होते. महाशिवरात्र झाल्यावर तिनं सोळा सोमवार धरले होते, सुनेच्या पोटातलं मूल नीट जगात यावं म्हणून. दिवसभर पोटात काही घ्यायचं नाही, फक्त पाणी. दुपारी देवळाच्या ओट्यावर चारपाच बाया जमायच्या आणि मी त्यांना सोमवारची पोथी वाचून दाखवायचो. घरात पोथ्या वाचायची रीत माझ्या वडिलांपासूनची. मला लोकांपुढं बोलता येत नाही, पण पुढ्यात अक्षरं असली की जमतं. दहा सोमवार मी वाचलं होतं. पोथीतला शब्दन् शब्द मला पाठ होता. त्यात शिळ्या पाण्याबद्दल एक ओळ नव्हती.

म्हणून मला वाटलं, की यात कुणाचं काही बिघडणार नाही.

मी घरी एक स्टीलचा तांब्या घासून भरला, वर ताटली झाकली, फडकं बांधलं आणि कोनाड्यात ठेवून दिला. आठ दिवस हात लावला नाही. अकराव्या सोमवारी सकाळी दुसरा तांब्या बोअरवरून ताजा भरून आणला. दोन्ही सारखेच, शाळेतून निवृत्त झालो तेव्हा मिळालेल्या जोडीतले. जुन्या पाण्याच्या तांब्याच्या बुडाला खडूनं खूण केली. शाळेत असताना असे प्रयोग करायचो. मुलं टाळ्या वाजवायची.

पोथी संपली. बायांनी हात जोडले. गोजरबाई, लंकाबाई, बनुबाई आणि आणखी दोघी. मी घसा खाकरला.

"गोजरबाई, एक काम होतं. हे दोन तांबे. दोन्हीतलं घोटघोट पाणी घेऊन सांगा, कुठलं गोड लागतं."

"का वो?"

"सांगा तर. मला वेगळं वेगळं लागतं. म्हातारपणी जिभेचं खरं नसतं."

हे खोटं होतं. पण तिला ते पटलं. आपल्या जिभेवर तिचा भरवसा होता. कुठल्या विहिरीचं पाणी कुठलं, हे ती लहानपणापासून ओळखायची म्हणे. ती एका तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन प्याली, मग दुसऱ्यातलं. डोळे मिटले. पुन्हा पहिल्यातलं प्याली.

"हे ग्वाड हाय," ती म्हणाली. "त्येला जरा लोखंडाचा वास येतो. पाइपाचा. हे थंड हाय, हलकं हाय. कुटलं हाय हे?"

मी तांब्या उचलून बूड बघितलं. खडूची खूण होती. मला इतका आनंद झाला, की मी भान विसरलो. देवळाच्या ओट्यावर उभा राहिलो आणि वर्गात सांगतात तसं मोठ्यानं म्हणालो, "हे आठ दिवसांचं आहे! बघा! आठ दिवसांचं शिळं पाणी गोड लागलं!"

लंकाबाई पोट धरून हसायला लागली. "आगं बया! गोजरे, तू तर म्हनायचीस एका रातीत वळखती! आठ दिसाचं प्याली की गं! आन ग्वाड म्हनली!"

बाकीच्याही हसल्या. फक्त बनुबाईनं तोंडावर हात ठेवला.

गोजरबाई हसली नाही. तिनं ओले हात लुगड्याला पुसले, सावकाश, एकेक बोट. मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आज माजा अकरावा सोमवार हुता."

"हो, पण..."

"त्या लेकराचा हुता."

"गोजरबाई, पोथीत कुठंही लिहिलेलं नाही. पाण्यानं उपास मोडत नाही. मी दाखवतो, ही बघा..." मी पोथी उघडायला लागलो. पानं सापडेनात.

"पोथी तुमची," ती म्हणाली. "सोमवार माजा हाय."

ती पायऱ्या उतरली. गुडघे धरत, भिंतीचा आधार घेत. लंकाबाईचं हसू बंद पडलं. मी दोन तांबे घेऊन तसाच उभा.

पुढच्या सोमवारपासून गोजरबाईनं पुन्हा पहिल्यापासून सोळा सोमवार धरले. दहा झालेले वाया गेले. शिवाय पोटात गेलेल्या शिळ्या पाण्याचं काहीतरी निवारण हवं, म्हणून तिनं नेम वाढवला. आता पाणी दोनदा बदलायचं, सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी. सोळा सोमवार संपेपर्यंत. म्हणजे ज्ञानेश्वरीला नववा लागेपर्यंत.

सकाळी सात कळश्या आणि संध्याकाळी सात.

हे मला ज्ञानेश्वरीकडूनच कळलं. संध्याकाळी मी ओट्यावर होतो. तिला कळशी घेऊन चढाला लागलेली बघून मी म्हणालो, "आता ह्या वेळी?"

ती थांबली नाही. चालता चालता म्हणाली, "आता दोनदा आणते, गुरुजी."

परत उतरताना ती माझ्यासमोर क्षणभर उभी राहिली. रिकामी कळशी काखेत होती.

"ज्ञानेश्वरी, माझं चुकलं. मी उद्या येतो, त्यांना समजावून..."

"नगा गुरुजी." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "तुमी भल्यासाठीच केलं. मला ठाव हाय. पण आता काय बोलू नका. तुमी आणिक काय बोललात तर तिनदा व्हईल."

मी भीमाची वाट बघितली. दुसऱ्या दिवशी बाराला त्याचा टेम्पो आला तसा मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. रिकामे कॅन खडखडत होते. सगळीकडं आंबूस दुधाचा वास. भीमानं मान खाली घालून ऐकलं. दोन रात्रींची झोप नसल्यासारखे डोळे होते त्याचे.

"गुर्जी, मला काय दिसत न्हाई व्हय? परवा काष्टीवरून जार आनला फिल्टरच्या पान्याचा. वीस लिटरचा. म्हनलं आई, हे पी, ज्ञानूला बसू दे."

"मग?"

"म्हनली, हे कवाचं भरल्यालं हाय, तू बघितलंस का भरताना? आता मी तिला काय सांगनार? जार दारात वतला तिनं."

"तू मुलगा आहेस. तू ठामपणे सांगितलंस तर..."

त्यानं टेम्पोच्या चाकावर लाथ मारली, हलकेच, हवा बघायला मारतात तशी. "मागच्या बारीला आईनं काय बी क्येलं न्हवतं. ना उपास, ना नेम. दवाखान्यावर सोडलं हुतं. ते गेलं. तवापासून तिच्या मनात बसलंय, की आपुन काय केलं न्हाई म्हनून गेलं. आता ती करतीया. मी आडवं आलो, आन उद्या काय कमीजास्त झालं, तर?" तो थांबला. "तर ती माज्याकडं बघंल, गुर्जी. आन मला बी वाटंल, की माज्यामुळंच."

तो जेवायला गेला. त्याला तीनला परत निघायचं होतं.

त्या दिवशी दुपारभर मी पुस्तकं काढून बसलो. काय शोधत होतो ते मलाच सांगता येणार नाही. शेवटी एक गोष्ट सुचली, आणि ती माझ्यासारख्या माणसाला शोभण्यासारखी नव्हती. मी खोटं बोलायचं ठरवलं.

गोजरबाई देवघरापुढं वाती वळत बसली होती. मी दारातूनच बोललो.

"गोजरबाई, मला एक सांगायचंय. त्या दिवशी माझी गडबड झाली. खूण मी चुकीच्या तांब्यावर केली होती. तुम्ही जे गोड म्हणालात ते ताजंच होतं. त्या दिवशीचं. घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं."

तिनं वात वळायचं थांबवलं नाही.

"आन दुसरं?"

"दुसरं... दुसरं शिळं."

"मी दोनी प्याले, गुरजी. येक तर दोन येळा."

एवढंही मला सुचलं नव्हतं.

"बसा," ती म्हणाली. मी उंबऱ्याबाहेर बसलो. "चाळीस वर्सं पोरांला शिकवलं तुमी. येवडं एक खोटं बोलाया शिकला न्हाई."

तिच्या आवाजात टोमणा होता, पण धार नव्हती. तिनं वळलेली वात मांडीवर ठेवली.

"तुमाला वाटतं मी येडी हाय. पान्यात काय ऱ्हातं आन काय जातं, मला काय ठावं? पन मला सांगा. त्या दिवशी ज्ञानूला दौंडला नेली, तवा म्या दवाखान्याच्या पायरीवर बसून व्हते. आत जाऊ देईनात. डाक्टरनी बाहेर येऊन सांगितलं, आमच्या हातात व्हतं ते केलं. म्या माजे हात बघितले. ह्ये बघा." तिनं तळवे पुढं केले. राखेनं चिरा पडलेले. "ह्या हातात काय व्हतं? काय बी न्हाई. आता इतकंच हाय. पानी बदलायचं. म्या दुसरं काय करू शकते, तुमी सांगा. पुस्तकात लिवलं आसंल तर वाचून दावा. मी करते."

मी म्हणायला हवं होतं, की सुनेला बसू द्या, तेवढंच करा. तिच्या खेपा थांबल्या तर तेच सगळ्यांत मोठं. शब्द तोंडात आले होते. पण तिचे ते तळवे पुढंच होते, आणि ज्ञानेश्वरीनं 'तिनदा व्हईल' म्हणून सांगितलेलं कानात होतं. मी एवढंच म्हणालो, "एक विचारू? पाणी सुनेनंच आणायला हवं असं काही आहे?"

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं.

"न्हाई. माजे गुडगे चालते तर मीच आनलं आसतं. कुनी बी आनावं. पन ताजं पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बादली घेऊन बोअरवर गेलो. रांगेत सगळ्या बाया. पुरुष येतात ते मोटारसायकलला कॅन लटकवून, आणि ते रांगेत उभे राहत नाहीत. मी रांगेच्या शेवटी उभा राहिलो.

"गुरजी, येकट्याला इतकं पानी?" लंकाबाईनं विचारलं. "का आठ दिसांचं भरून ठिवताय?"

सगळ्या हसल्या. बनुबाई म्हणाली, "आगं गप. गोजरबाईच्या दारी चाललेत त्ये." मग कुणी हसलं नाही. ते हसणं थांबलं तेच मला जास्त लागलं.

बादली अर्धी भरली की मला पुरे होते. चढावर तीनदा टेकावं लागलं. पायावर पाणी सांडत होतं, चप्पल घसरत होती. गोजरबाई दारात उभी होती. कालचं संध्याकाळचं पाणी तिनं नुकतंच ओतलं होतं. दगडांवरून वाहत ते माझ्या पायांशी आलं. स्वच्छ, थंड पाणी. मी त्यावरून चालत गेलो.

"कवा भरलं?"

"आत्ता."

तिनं बादलीत बोट बुडवून बघितलं आणि पाणी माठात ओतून घेतलं.

आता सहा आठवडे झाले. आषाढ लागला तरी पावसाचा पत्ता नाही, बोअरचं पाणी बारीक झालंय. मी सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन खेपा करतो. त्याहून जास्त होत नाहीत. डाव्या खांद्यात कळ येते. माझ्या अर्ध्या बादलीनं कळशीही भरत नाही, त्यामुळं माझ्या सहा खेपा म्हणजे तिच्या चार. चौदातल्या चार. बाकी दहा ज्ञानेश्वरीच करते. आम्ही एकमेकांना वाटेत भेटतो, ती वर जाताना, मी खाली येताना. दवाखान्यातून अजून तरी सगळं ठीक आहे म्हणतात. तिचे पाय सुजतात.

केडगावहून माझ्या मुलाचा फोन आला होता. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणाला, "अप्पा, तुम्ही स्वतः सगळ्यांना शिकवत होता ना, की पाणी असं फेकू नये म्हणून? आणि आता फेकायला तुम्हीच भरून देताय?" मी म्हणालो, हो. तो बराच वेळ बोलत होता. त्याचं सगळं बरोबर होतं.

काल सातवा सोमवार होता. सकाळी लाईट गेली, मोटार बंद पडली, ती नऊला सुरू झाली. मी पहिली बादली घेऊन चढावर आलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. उंबऱ्याशी बादली ठेवली आणि दाराची चौकट धरून उभा राहिलो. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. आतल्या खोलीत ज्ञानेश्वरी आडवी झाली होती, पाय उशीवर ठेवून. सकाळपासून तिला उठवत नव्हतं म्हणे. तिच्या खेपा तशाच राहिल्या होत्या.

गोजरबाईनं पाण्यात बोट बुडवलं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. आत गेली, गुळाचा खडा आणला, माझ्या हातावर ठेवला.

"खावा. दम घ्या."

मी खाल्ला. ती माझ्याकडं बघत राहिली. काहीतरी बोलायचं होतं तिला, असं मला वाटलं. ती आतल्या खोलीकडं बघून आली, परत दारात आली. मला वाटलं, आता म्हणेल, राहू द्या आज.

"गुरजी," ती हळू आवाजात म्हणाली, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "आज ज्ञानूचं बी तुमालाच आनावं लागंल. आन हळूहळू नगा येऊ. ऊन लागलं की वाटंतच शिळं हुतं."

मी बादली उचलली आणि बरं म्हणालो.